‘चांगली बाई’ असण्याची अट

२५ नोव्हेंबरचा कार्यक्रम ठरवायला आमच्या गटाची बैठक भरली होती. दरवर्षीप्रमाणे फलक, घोषणा, तहसीलवर मोर्चा, संध्याकाळी गाणी असे सगळे ठरत आले होते. तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या तालुक्यातल्या गावची. तिची लेक विधवा. जावयाने चार वर्षांपूर्वी कर्जापायी औषध घेऊन जीव दिला. लेकीला दिवस गेले, तिने ते लपवले, घरातच बाळंत झाली आणि पहाटेच्या अंधारात बाळ दुसऱ्या गावच्या देवळाच्या पायरीवर ठेवून आली. बाळ वाचले. पोलिसांनी दोन दिवसांत लेकीला शोधून काढले. आता तिच्यावर खटला आहे आणि तिच्या घरी पाणी भरायलाही कोणी जात नाही. “वकील पाहून द्या, ताई,” एवढेच त्या माउलीचे मागणे होते.

ती बाहेर जाऊन बसली आणि आमच्यात वाद सुरू झाला. नवऱ्याच्या मारझोडीच्या किती प्रकरणांत आम्ही रात्री-अपरात्री धावलो आहोत. हुंड्याच्या प्रकरणांत पोलीस ठाण्यात ठिय्या दिला आहे. पण इथे आमची जीभ अडखळली. एक जण म्हणाली, “आपलं नाव खराब होईन. उद्या आपल्या लेकी-सुनाले कोनी बैठकीले पाठवनार नाही.” दुसरी म्हणाली, “अन्याय झालेल्या बाईसाठी लढणं वेगळं, आणि हे वेगळं. हिने तर पोटच्या पोराला टाकलं.” तिसरीने हळूच जात काढली. ती आपल्यातली नाही, आपण त्या भानगडीत कशाला पडायचे, असा सूर निघाला. मी स्वतः गप्प बसले होते. हे इथे कबूल केलेच पाहिजे, कारण पुढचे सगळे लिहिण्याचे कारण ते गप्प बसणेच आहे.

शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बोलल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, रोजंदारीवर निंदणी-खुरपणी करून चार लेकरे वाढवलेल्या. त्या म्हणाल्या, “बाई, त्या लेकराचा बाप कोन हाये, हे इचारलं का कोनी?”

बैठक गप्प झाली. मला मात्र एकदम आठवण झाली ती याच बुलढाण्याच्या दुसऱ्या एका बाईची. हाच प्रश्न तिने १८८२ साली छापून विचारला होता.

ताराबाई शिंदे हे नाव आपल्या सगळ्या शिबिरांत घेतले जाते. फलकावर सावित्रीबाईंच्या शेजारी त्यांचे नाव असते. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तकाचे नावही आपल्याला पाठ असते. पण ते पुस्तक कोणत्या बाईसाठी लिहिले गेले, हे आपण सहसा सांगत नाही. सांगितले तरी घाईत सांगतो. ती बाई म्हणजे सुरतेची विजयालक्ष्मी. तरुण ब्राह्मण विधवा. बदनामीच्या भीतीने आपल्या नवजात मुलाचा जीव घेतल्याचा गुन्हा तिच्यावर शाबीत झाला. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. ‘पुणे वैभव’सारख्या सनातनी पत्राने विजयालक्ष्मीच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीलाच झोडपून काढले. बायका अशाच, शिकल्या की आणखी बिघडतात, असा तो सूर होता.

ताराबाई ब्राह्मण नव्हत्या. मराठा घरातल्या, पडद्यात वाढलेल्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचा सत्यशोधक समाजाशी संबंध होता आणि लेकीला त्यांनी घरी शिकवले होते. ताराबाईंचे सुरतेशी नाते नव्हते, विजयालक्ष्मीशी ओळख नव्हती, दोघींची जातही एक नव्हती. तरीही त्यांनी लेखणी उचलली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तकाच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. खरा साहसी, म्हणजे त्या काळच्या अर्थाने अविचारी आणि दुर्वर्तनी, कोण आहे, स्त्री की पुरुष, ते स्पष्ट करून दाखवणे हा आपला हेतू त्यांनी पुस्तकाच्या नावातच सांगून टाकला.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबून पाहू. आपल्या भागातला पहिला ठसठशीत स्त्रीवादी ग्रंथ एखाद्या पतिव्रतेच्या छळावर लिहिलेला नाही. तो लिहिला गेला मूल मारल्याचा गुन्हा शाबीत झालेल्या बाईवरून. आज ती बाई आपल्या कार्यालयात आली असती तर आपण तिची केस घेतली असती का? आमच्या गटाने त्या दिवशी जवळजवळ नाहीच म्हटले होते.

ताराबाईंनी विजयालक्ष्मीच्या हातून झालेल्या कृत्याला चांगले म्हटले नाही. बायकांच्या अंगी दोषच नाहीत, असाही त्यांचा दावा नव्हता. त्यांनी केले ते असे. जुन्या सुभाषितांपासून नव्या कादंबऱ्या-नाटकांपर्यंत बायकांवर जे जे आरोप होत आले, ते एकेक करून पुढे घेतले. बायका कपटी, बायका अविचारी, बायका मूर्ख, बायका मोहात पाडणाऱ्या. आणि प्रत्येक आरोपापाशी विचारले की हाच दोष पुरुषात नाही काय? असला तर त्याला शिक्षा का नाही? बायको मेली की पुरुषाने दुसरी करायची. नवरा मेला की बाईने केस उतरवून कोपऱ्यात बसायचे. ज्याने तिला फसवले तो उजळ माथ्याने गावात फिरतो आणि ती फासावर जाते. ब्राह्मणांची पुनर्विवाहबंदी आपल्यातल्या कुलीन म्हणवणाऱ्या घरांनीही उचलली, हेही त्यांनी स्वतःच्या जातीला ऐकवले. देवादिकांनाही त्यांनी सोडले नाही.

‘तुलना’ हा शब्द तुलेवरून आला. तुला म्हणजे तराजू. खामगावच्या बाजारात कापूस घेऊन जाणाऱ्या कोणत्याही बाईला ‘काटा मारणे’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मालात खोट नसते, वजन करणाऱ्याच्या हातात असते. ताराबाईंनी बायकांना निर्दोष ठरवण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी काटा तपासायला घेतला. एका पारड्यात बाई, दुसऱ्यात पुरुष, आणि माप दोघांना एकच. मी याला तत्त्वज्ञान म्हणते. तत्त्वज्ञान म्हणजे शेवटी, आपण ज्या मापाने मोजतो ते माप खरे आहे का, हे विचारणे.

“तत्त्वज्ञान” म्हटले की आपल्या कार्यकर्त्या कपाळाला आठ्या घालतात. ते विद्यापीठातल्या बायकांचे, इंग्रजी पुस्तकांतले, आपल्याला मोर्चा काढायचा आहे, असे आपण म्हणतो. म्हणून मला आज तुम्हाला इंग्रजीच्याही पलीकडे न्यायचे आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत, म्हणजे स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना, चिली, बोलिव्हिया या मुलखांत, बायकांनी हाच काटा कसा तपासला, ते पाहू. नाहीतरी आपण दरवर्षी २५ नोव्हेंबर पाळतो तो त्यांचाच दिलेला आहे. १९६० साली त्या दिवशी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल बहिणींना हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी ठार मारले आणि अपघात झाल्याचा देखावा केला. १९८१ साली कोलंबियातल्या बोगोता इथे लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी बायकांची पहिली परिषद भरली. तिथे त्यांनी हा दिवस स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधात पाळायचा असे ठरवले. संयुक्त राष्ट्रांनी तो मान्य केला १९९९ मध्ये, म्हणजे १८ वर्षांनी. दिवस आपण घेतला. त्यांचा विचारही घ्यायला काय हरकत आहे?

सुरुवात करू एका जोगिणीपासून. सोर हुआना इनेस दे ला क्रूस ही सतराव्या शतकातली मेक्सिकोची कवयित्री. ‘सोर’ म्हणजे भगिनी. लग्न न झालेल्या आईबापांची ही मुलगी. बहिणीच्या मागे मागे जाऊन ती लहानपणीच वाचायला शिकली. विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही म्हटल्यावर मला मुलाचे कपडे घाला आणि पाठवा, म्हणून आईच्या मागे लागली. लग्न नको आणि पुस्तके हवीत, म्हणून ती मठात गेली. १६९० साली तिने एका प्रवचनावर केलेली टीका पुएब्लाच्या बिशपने छापली आणि सोबत एका बाईचे खोटे नाव घेऊन तिला उपदेशाचे पत्र लिहिले की एवढी बुद्धी धर्माच्या कामी लाव. १६९१ साली हुआनाने त्याला उत्तर लिहिले. बाईला शिकण्याचा हक्क का आहे, याचा तो लांबलचक युक्तिवाद आहे.

त्या पत्रातली एक गोष्ट मी आमच्या बचतगटाच्या बायकांना नेहमी सांगते. मठातल्या एका वरिष्ठ बाईने तिला काही काळ पुस्तकांना हात लावायची बंदी केली. ती म्हणते की पुस्तक नव्हते, पण जग होते. स्वयंपाकघरात ती पाहत राहिली. अंडे तुपातेलात घट्ट धरते आणि पाकात फुटते, असे का? अॅरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने याहून जास्त लिहिले असते, अशी कोपरखळीही ती मारते. आमच्या बायका यावर मनापासून हसतात. पाक एकतारी झाला की दोनतारी हे बोटांवर ओळखणाऱ्या बायकांना कोणी कधी ज्ञानी म्हटलेले नसते.

याच हुआनाची एक कविता तिकडे शाळेत शिकवली जाते. तिचा आशय असा की मूर्ख पुरुषांनो, ज्या गोष्टीसाठी तुम्ही बायकांना दोष देता, तिचे कारण तुम्हीच आहात. बाईने नाही म्हटले तर ती कठोर, हो म्हटले तर ती चवचाल. आणि जास्त दोषी कोण, पैशासाठी पाप करणारी की पाप करण्यासाठी पैसे देणारा? ताराबाईंनी हुआनाचे नाव ऐकले असण्याचा संभवच नाही. दोघींत जवळजवळ दोनशे वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर. तरी युक्तिवाद तोच. मी याला चमत्कार मानत नाही. जिथे जिथे काटा मारलेला आहे, तिथे तिथे तो पकडणारी कोणीतरी बाई निघतेच, एवढाच त्याचा अर्थ.

हुआनाचा शेवट कसा झाला? तिने आपली पुस्तके दिली, लिहिणे जवळजवळ थांबवले आणि १६९५ साली साथीच्या रोगात मठातल्या भगिनींची शुश्रूषा करताना ती गेली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला माहीत नाही. पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधक वर्तुळातल्याही काहींना ते रुचले नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंची लेखणी पुन्हा दिसली नाही. बोलणाऱ्या बाईला गप्प करायला दरवेळी तुरुंग लागत नाही. चार जणांनी नाक मुरडले तरी पुरते. ज्यांना आपण आपले समजतो त्यांनी मुरडले तर फारच लवकर पुरते.

आता अलीकडच्या दोन स्पॅनिश बायकांकडे वळू. सेलिया आमोरोस यांनी १९८५ साली पुरुषसत्ताक तर्कबुद्धीची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. त्यांची एक मांडणी फार उपयोगाची आहे. त्या म्हणतात की पुरुषांच्या जगात प्रत्येक जण वेगळा मोजला जातो. हा अमुक, तो तमुक; ते एकमेकांचे बरोबरीचे असतात. बायकांच्या वाट्याला मात्र सारखेपणा येतो. एकीच्या जागी दुसरी ठेवा, फरक नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, दारू पिऊन मारणारा पुरुष असला की तो माणूस वाईट. चुकणारी बाई असली की बायकांची जातच तशी. ‘पुणे वैभव’ने विजयालक्ष्मीवरून सगळ्या बायकांना झोडपले ते याच न्यायाने, आणि ताराबाईंचा पहिला संतापही यावरच होता. आमच्या बैठकीतली “आपलं नाव खराब होईन” ही भीतीही तिथूनच येते. एका बाईच्या वागण्याने आपल्या सगळ्यांचे नाव खराब होते, हे आपण मुकाट्याने मान्य करून बसलो आहोत. एका सरपंचाने पैसे खाल्ले म्हणून गावातले सगळे पुरुष कधी मान खाली घालतात का?

दुसऱ्या अमेलिया वाल्कार्सेल. १९८० साली त्यांनी एक लेख लिहिला. त्याचे नावच ‘वाईटाचा हक्क’ असे होते. नाव ऐकून दचकू नका. बायकांनी वाईट वागावे, असे त्या म्हणत नाहीत. त्यांचा प्रश्न असा आहे की बाईला समान हक्क हवे असतील तर तिने आधी पुरुषापेक्षा चांगली असल्याचे सिद्ध का करावे? पुरुषाला नागरिक व्हायला चांगुलपणाचा दाखला लागत नाही. मग बाईलाच तो का मागता? समानता ही सद्गुणाबद्दलची बक्षिसी नव्हे. ज्या मापाने तो मोजला जातो त्याच मापाने ती मोजली जावी, एवढेच मागणे आहे. मग त्या मापात तिच्या चुकाही आल्या.

हा विचार पचायला जड आहे, मला मान्य आहे. आपल्या चळवळीने कितीतरी वेळा उलट्या वाटेने मागणी केली आहे. बाई त्यागी आहे, माता आहे, घर सांभाळते, म्हणून तिला मान द्या. याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणारी गर्दी आपण दरवर्षी पाहतो आणि त्यात आपणही असतो. जिजाऊंबद्दलचा अभिमान माझ्याही मनात आहे. पण व्यासपीठावरून जेव्हा “प्रत्येक स्त्री जिजाऊ व्हावी” असे सांगितले जाते, तेव्हा माझ्या मनात येते की जी होऊ शकली नाही तिचे काय? जिला राजा घडवायचा नव्हता, नुसते जगायचे होते, तिला माणूस म्हणून काही हक्क आहेत की नाहीत? माउलीच्या मखरात जी बसत नाही तिला आपण रस्त्यावर सोडतो. त्या पहाटे देवळाच्या पायरीवर बाळ ठेवणारी ती आपल्याला दिसली, पण तिथवर तिला कोणी आणले, ते दिसले नाही.

याला एक सावधगिरीची जोड दिली पाहिजे. बाहेरचा विचार जसाच्या तसा उचलून आपल्या मातीत लावता येत नाही. अर्जेंटिनात जन्मलेल्या मारिया लुगोनेस यांनी मांडले आहे की स्त्री-पुरुष भेदाची आजची चौकट वसाहतवाद्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांवर लादली. तिकडचा अनुभव तो असेल. आपल्याकडे जात इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून होती आणि बाईच्या देहावर पहारा ठेवूनच ती टिकली. उलट ताराबाईंना आणि फुले दाम्पत्याला इंग्रजी राज्यात शाळेचे दार किलकिले झालेले दिसले. त्यांच्या पुस्तकात त्या राज्याविषयी चांगले शब्द आहेत. ते त्या काळाच्या संदर्भात समजून घ्यावे लागतील. ताराबाई लग्नसंस्था मोडायलाही निघाल्या नव्हत्या. त्यांना आजच्या साच्यात कोंबू नये, तसेच स्पॅनिश बायकांना ताराबाईंच्या साच्यात कोंबू नये.

पण एक योगायोग मला विसरता येत नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे नव्वद-पंचाण्णव वर्षे विस्मरणात गेलेल्या ताराबाई आपल्याला सापडल्या. त्याच वर्षी मेक्सिको शहरात स्त्रियांची पहिली जागतिक परिषद भरली. तिथल्या बिगरसरकारी व्यासपीठावर बोलिव्हियाच्या खाणीतल्या कामगाराची बायको दोमितिला बार्रिओस दे चुंगारा उभी राहिली. सगळ्या बायका सारख्या, आपण फक्त बायकांविषयी बोलू, असे तिला सांगितले गेले. तिने विचारले की तुमचे घर, तुमची गाडी, तुमचे कपडे आणि माझे घर, हे सारखे आहे का? म्हणजे बघा, बायकांना एकसारखे समजणे ही चूक फक्त पुरुषच करत नाहीत. आमच्या बैठकीत जात काढणारीने बाई आणि बाई यांत भेद केला, तो दूर लोटण्यासाठी. दोमितिलाने भेद दाखवला तो सोबत येण्यासाठी. माझे दुःख कोणते ते पाहा आणि मग माझ्याबरोबर या, असे ती म्हणत होती. ताराबाईंनी विजयालक्ष्मीच्या बाबतीत नेमके हेच केले. जात वेगळी, रीत वेगळी, हे न विसरता त्या तिच्यापाशी गेल्या.

आता पुन्हा आमच्या बैठकीकडे. आजींच्या प्रश्नानंतर दोन तास बोलणे झाले. वकील पाहून द्यायचा, असे शेवटी ठरले. २५ नोव्हेंबरच्या कार्यक्रमात त्या प्रकरणाचा उल्लेख करायचा नाही, असेही ठरले. तेवढ्या तडजोडीवर बहुमत झाले. दोन मैत्रिणी त्यानंतर बैठकीला आल्या नाहीत. त्यांच्या घरी जाऊन बोलले पाहिजे. त्यांना नावे ठेवून काही होणार नाही, कारण त्यांची भीती खोटी नाही. गावात राहायचे आहे, लेकी उजवायच्या आहेत. पण त्या भीतीची किंमत कोण चुकते करते, हेही त्यांना सांगितले पाहिजे.

त्या निमित्ताने आम्हालाच काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. त्या इथे नोंदवते, म्हणजे इतर गटांना उपयोग होईल.

एक. कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये तशी तरतूद आहे. बाई आरोपी असली तरी हा हक्क जात नाही. “चांगली आहे का,” असे तो कायदा विचारत नाही. तो प्रश्न आपणच विचारतो.

दोन. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. गर्भनिरोधक फसल्याचे कारण पूर्वी फक्त विवाहितेला आणि तिच्या नवऱ्याला लागू होते. आता ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ अशी भाषा आली आहे. म्हणजे विधवेला, अविवाहितेलाही २० आठवड्यांपर्यंत ते कारण सांगता येते. ही माहिती आपण नवविवाहितांच्या मेळाव्यात सांगतो. विधवांच्या मेळाव्यात का सांगत नाही? त्यांना देह नसतो, असे आपल्यालाही वाटते का?

तीन. बाल न्याय कायदा २०१५ नुसार मूल सांभाळणे अशक्य असलेल्या आईला ते बाल कल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येते आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. ते टाकणे नव्हे. देवळाची पायरी आणि ही समिती यांच्यात फरक आहे तो माहितीचा आणि कोणी सोबत येण्याचा. त्या रात्री तिच्यासोबत कोणी गेले असते तर बाळ थंडीत पडले नसते आणि आई आरोपी झाली नसती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांनी दारात आलेल्या विधवेला चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, नाहीतर ठेवा, असे सांगितले होते. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आपण त्यांचे फोटो लावतो आणि दारातल्या बाईला मात्र तपासून घेतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही पुढे परिपत्रक काढून इतर गावांना तसे आवाहन केले. चांगले झाले. आपल्या जिल्ह्यातही हे काम नेटाने झाले पाहिजे, कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी मागे ठेवलेल्या बायका इथे गावोगाव आहेत. पण विधवेच्या कपाळावर कुंकू राहू देणे हा सोपा भाग आहे. ते कुंकू लावलेली बाई उद्या कोणाशी हसून बोलली, कोणावर तिचा जीव जडला, तिला दिवस गेले, तर ठराव करणारे हात तिच्या बाजूने वर होतील का? आपले तरी होतील का? ताराबाईंनी कुंकवाच्या पुढचा प्रश्न विचारला होता. आपण अजून कुंकवापाशीच आहोत.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटाने एका बैठकीत आपल्या वहीतली ती प्रकरणे काढावीत, जी आपण घेतली नाहीत. ती बाई चारित्र्याची बरी नव्हती, तीही कमी नव्हती, तिचीच चूक होती, असे म्हणून परत पाठवलेल्या बायका. त्यांची नावे बाहेर काढू नका, पण आपण काय बोललो ते मात्र एकमेकींना मोठ्याने सांगा. प्रत्येक ठिकाणी विचारा की यात पुरुष कोण होता, आणि त्याला आपण कोणत्या मापाने मोजले? ‘स्त्रीपुरुषतुलना’ वाचण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

हे लिहीपर्यंत खटला सुरू आहे. बाळ संस्थेत आहे आणि सुखरूप आहे. आजींच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. सगळ्या गावाला ते ठाऊक असावे, असे मला वाटते. पण विचारायला गेले की सगळे खाली मान घालून आपापल्या कामाला लागतात. पुढच्या तारखेला आम्ही चौघी त्या मुलीसोबत कोर्टात जाणार आहोत. आजीही येणार आहेत. त्या दिवसाची मजुरी बुडेल, म्हणून आम्ही वर्गणी काढायला निघालो, तर म्हणाल्या, “राहू दे बाई, मले कोनी इचारलं त मी बी इचारीन.”